साबणाच्या वेष्टनावरची लक्ष्मी

लोणावळ्याहून बापटचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी दाढी करत होतो. बापट माझा शाळेपासूनचा मित्र, रेल्वेत नोकरीला. कार्डावर चारच ओळी होत्या. तुझी साबणवाली बाई इकडे मावळात एका देवळाच्या भिंतीवर लक्ष्मी होऊन बसली आहे. उत्सवाच्या आधी तिच्यावर चुना फिरणार आहे. बघायची असेल तर ताबडतोब ये. माझी बदली झाली आहे, मी भेटणार नाही, पण स्टेशनाबाहेर रामभाऊ पेंटरला विचार, तो नेईल. काढली आहे ती त्यानंच.

वाचता वाचता गाल कापला. मी चित्रकार आहे, पण प्रदर्शनं भरवणारा नव्हे. साबण, तेल, बिस्किटं, उदबत्त्या यांच्या वेष्टनांवरची चित्रं काढून गिरगावात संसार केला. अशा चित्राखाली कलावंताचं नाव नसतं आणि ते कुणी विचारतही नाही. त्यातल्या त्यात 'चांदणी' साबणावरचा बाईचा चेहरा हे माझं सगळ्यात गाजलेलं काम. एकोणीस वर्षं तो चेहरा दुकानादुकानांतून लोकांकडे बघतो आहे. तो कुणी परस्पर उचलावा आणि वर देवळात नेऊन बसवावा, म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर! मी त्याच सकाळी ऑफिसात रजा टाकली.

माझी बायको इंदू म्हणाली, "मीही येते. लोणावळा मी आजवर गाडीच्या खिडकीतूनच पाहिलंय." तिचं म्हणणं खरं होतं. एकवीस वर्षांच्या संसारात मी तिला पुण्याला चार वेळा नेलं होतं, ती चारही वेळा कुणाच्या तरी लग्नाला. तेव्हा डबा, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि तिची कापडी पिशवी घेऊन आम्ही दोघं निघालो. चैत्र नुकताच लागला होता, आणि सत्तर साल उजाडायला अजून काही महिने होते.

कर्जतला गाडीला मागून इंजिन लागलं, वडे खाऊन झाले आणि घाट सुरू झाला. डोंगर उन्हानं पिवळे पडले होते. मधूनच एखादा पांगारा लालभडक फुललेला दिसे. इंदू प्रत्येक बोगदा मोजत होती. मी तिला ऑफिसातली हकिगत सांगत होतो. आमच्याकडे हल्ली विलायती मासिकं येतात. त्यात डबे, बाटल्या, नट्यांचे चेहरे भिंतीएवढे रंगवून प्रदर्शनात टांगलेले असतात. त्याला पॉप आर्ट म्हणतात. ऑफिसातली तरुण पोरं ती पानं बघून माना डोलावतात. जन्मभर मी डबेच रंगवले, तेव्हा माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि आता डबा म्हणजे कला! इंदू म्हणाली, "चौदावा," आणि पुढच्या बोगद्याची वाट बघू लागली.

लोणावळ्याला स्टेशनाबाहेर चिक्कीच्या दुकानांची रांग आहे. त्यातल्या निम्म्या पाट्यांवर कोपऱ्यात 'रामभाऊ' अशी सही होती. माणूस शोधायला कष्ट पडले नाहीत. पन्नाशीचा, काटकुळा, धोतराच्या सोग्यावर सात रंगांचे डाग. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं ब्रश खाली ठेवला आणि वाकून नमस्कार केला. मी तावातावानं बोलायची तयारी करून गेलो होतो, तर हा गृहस्थ माझ्या हातांकडे बघत म्हणाला, "म्हंजे ती तुम्ही काढली? या हातांनी?" मग त्यानं आम्हाला चहा पाजला. भांडण तिथंच अर्धं बारगळलं.

तरी मी विचारलंच, की बाबा, न विचारता उचललीस कशी? तो शांतपणे म्हणाला, "चोरी नाही केली साहेब. देवीला द्यायचं तर बाजारातलं सगळ्यात चांगलं तोंड बघून द्यावं म्हटलं." संध्याकाळी त्यानं आम्हाला भुशीपर्यंत फिरवून आणलं. धरणात पाणी कमी होतं आणि आमच्याशिवाय माणूस नव्हतं. इंदू पायऱ्यांवर बसून करवंदं खात होती, आणि रामभाऊ मला साबणवालीचा चेहरा रंगवताना केलेल्या मिश्रणाबद्दल सांगत होता. गालाचा रंग त्याला तीनदा पुसावा लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं सोमाटण्याला उतरलो. तिथून गाव तासाभराच्या चालीवर. गावाचं नाव मी लिहीत नाही. तसा मी गावकऱ्यांना शब्द दिला आहे, आणि नाव छापलं तर उद्या गिरगावातून लोक भिंत बघायला जातील. वाट भातखाचरांच्या बांधावरून. खाचरं कोरडी, भेगाळलेली. अर्ध्या वाटेत इंदूच्या चपलेचा अंगठा तुटला. रामभाऊनं खिशातून बारीक तार काढून तो शिवून दिला. पेंटरच्या खिशात तार का असते हे तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पाट्या टांगायला लागते बाई." पुढं वाटेत त्यानं गावाची अडचण सांगितली.

देऊळ देवीचं. सभामंडपाच्या भिंतीवर फार जुन्या काळी कुण्या चिताऱ्यानं समुद्रमंथन काढलं होतं. उत्सवात बायका आधी देवीची ओटी भरतात, मग भिंतीवर समुद्रातून वर येणाऱ्या लक्ष्मीची. ती चाल कधीपासूनची ते कुणाला माहीत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी छप्पर गळलं आणि मधला गिलावा लक्ष्मीसकट कोसळला. गावानं रामभाऊला बोलावलं. त्यानं दोन महिने राबून भिंत पुरी केली, आणि आता गाव म्हणत होतं की पुसा. उत्सव तीन दिवसांवर. चुन्याची कळी पिंपात भिजतसुद्धा पडली होती.

देवळात शिरलो आणि भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो.

डाव्या हाताला दैत्य, उजव्या हाताला देव, मध्ये वासुकी. ती सगळी जुन्या चिताऱ्याची माणसं: एका बाजूनं दिसणारे चेहरे, मासोळीसारखे डोळे, गेरूचा तांबडा, काजळाचा काळा. त्यांना रामभाऊनं हातसुद्धा लावला नव्हता. आणि मधे, जिथं गिलावा पडला होता तिथं, पाट्यांच्या चकचकीत तेलरंगात चौदा रत्नं वर येत होती. ऐरावत काड्यापेटीवरचा. घोडा उदबत्तीच्या पुड्यावरचा. धन्वंतरीच्या एका हातात कलश आणि दुसऱ्या हातात इंजेक्शन. हलाहल म्हणून पिकावर मारायच्या औषधाचा डबा, वर कवटी आणि दोन हाडं. त्याशिवाय दोन सेलांची बॅटरी, ट्रान्झिस्टर, सायकल, 'शुद्ध गुळाची' असं लिहिलेला चिक्कीचा डबा, आणि कळस म्हणजे लाटांतून अर्धी वर आलेली तांबडी एसटी, दारात कंडक्टर.

चौदा रत्नं रामभाऊला आठच आठवली होती. गावात विचारलं तर कुणी नऊ सांगितली, कुणी दहा, आणि एकाची दुसऱ्याशी जुळेनात. भटजी लग्नात ती दर वेळी म्हणतात, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष अक्षतांकडे असतं. मग त्यानं स्वतःच ठरवलं की समुद्रातून चांगलंचुंगलं वर येणार, तर आपल्याकडे चांगलं काय आहे ते काढू. खरं सांगतो, मला हेवा वाटला. मी उभ्या आयुष्यात डब्यांवर देव काढले. देवाच्या पंगतीला डबा बसवायची छाती मला कधी झाली नाही. आणि या माणसानं ती विलायती मासिकं नजरेनंही बघितलेली नव्हती.

सगळ्यांच्या मधोमध लक्ष्मी. कमळावर उभी, चार हात, आणि चेहरा माझ्या साबणावरचा. तो बघताच मी मागं वळून इंदू कुठं आहे ते बघितलं.

याचं कारण सांगायला हवं. तो चेहरा इंदूचा आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती दारात तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा तिला न सांगता मी तो काढला. आमचे वडील, अण्णा, जुन्या वळणाचे. घरची सून साबणाच्या कागदावरून बाजारात फिरते हे त्यांना कळतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मी म्हणालो, मनानं काढली आहे, कुणाची नाही. इंदूनं विचारलं, तिलाही तेच सांगितलं. चेहरा मी थोडा गोरा, थोडा गोल केला होता, तेव्हा कुणी ओळखला नाही. फक्त तिच्या डाव्या भुवईवरचा तीळ मला गाळवला नव्हता. वेष्टनावर तो सुईच्या अग्राएवढा, छपाईतला डाग वाटावा असा. पण पाट्या रंगवणारे लोक वेष्टनावर पेन्सिलीनं चौकटी आखतात, तितक्याच मोठ्या चौकटी भिंतीवर आखतात आणि एकेका चौकटीत दिसेल ते जसंच्या तसं उतरवतात. स्वतःच्या मनाचं काही घालायचं नाही आणि गाळायचंही नाही, हा त्यांचा धर्म. रामभाऊनं तो डागही मोठा केला होता. लक्ष्मीच्या भुवईवर बंद्या रुपयाएवढा तीळ होता.

इंदू माझ्या मागे उभी होती. मंडपात अंधुक होतं आणि लांबचा चष्मा तिच्या पिशवीत होता. ती एवढंच म्हणाली, "तुमची साबणवाली. इथंही आलीच." आणि बाहेर पारावर जाऊन बसली. माझं तेवढ्यापुरतं निभावलं.

दुपारचं जेवण आबांच्या घरी झालं. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, देवळाचा कारभार त्यांच्याकडे, आणि चुन्याचा आग्रहही त्यांचाच. माणूस आडमुठा असेल असं मला वाटलं होतं, तर त्यांनी स्वतः पाट मांडले, स्वतः वाढलं. आंबेमोहोराचा भात, हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ कढी), कैरीची चटणी. तिसऱ्यांदा भात नको म्हणालो तर रागावले. त्यांच्या मंडळींनी, पार्वतीबाईंनी, इंदूला आत नेऊन तिच्या पायाला तेल लावलं, चपलेनं बोट सोलवटलं होतं म्हणून.

चारच्या सुमाराला गाव मंडपात जमलं. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. आबांचं पहिलं गाऱ्हाणं डब्यांबद्दल होतं, की देवापुढं हा बाजार कशाला. त्याला उत्तर रामभाऊनं दिलं नाही, मीही नाही. ते दिलं डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या धोंडीमावशीनं. ती वाडीतल्या लग्नांत चौक लिहिणारी (लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीची चौकट काढतात, त्याला तिकडे चौक लिहिणं म्हणतात). ती बसल्या जागेवरूनच बोलली.

"आमी देवीच्या भवती फणी लिवतो, शिडी लिवतो, खाट लिवतो. म्या आगगाडी बी लिवलीय. देवीनं घरात यावं म्हनता, तर घरातलं तिला दिसाया नगं?"

बायकांत माना हलल्या. आबांनी तिच्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि डबे राहू द्या म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण खरी अडचण पुढंच होती. आबा माझ्याकडे वळले.

"डब्याचं एक सोडा. पर बाया हिची वटी भरनार. लक्ष्मी म्हंजे सवाशीन. ही कुनाची कोन, हिचा धनी कोन, काय ठावं न्हाई. बिनवळखीच्या बाईची वटी कशी भरायची? आमच्या बाया तयार न्हाईत. साहेब, चित्र तुमचं. तुमी सांगा, ही कोन?"

सगळ्या गावाचे डोळे माझ्यावर. इंदू बायकांत बसली होती, तीही बघत होती. आणि मी, केस पांढरे झालेला माणूस, एकोणीस वर्षं घोकलेलं वाक्य बोलून गेलो. मनानं काढलेली आहे, कुणाची नाही.

आबांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. त्यांना वाईटच वाटलं असावं. ते म्हणाले, मग पुसायला पाहिजे. रामभाऊ उठला. पिंपापाशी गेला, चुन्याचा कुंचला उचलला आणि आबांना म्हणाला, "मीच फिरवतो. दुसऱ्याचा हात नको." कुंचल्यातून चुना निथळायला तो पिंपाच्या काठावर नीट आपटत होता, जसा चांगल्या कामाच्या आधी आपटतात तसा. ते मला बघवेना.

"थांबा," मी म्हणालो. "खोटं बोललो. ती माझी बायको आहे. ही इथं बसलेली. तांदूळ निवडत होती, तेव्हा हिला न विचारता काढली."

मग धोंडीमावशी उठली, इंदूपाशी आली, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "तीळ हाय."

इंदूनं पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला. उठून भिंतीपाशी गेली. मला तिची पाठच दिसत होती, आणि एवढ्या वर्षांत त्या पाठीची मला कधी भीती वाटली नव्हती ती तेव्हा वाटली.

पार्वतीबाई तिच्याजवळ गेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आबांकडेही नाही. "बाई," त्या म्हणाल्या, "धनी बोलले, त्ये आमी ऐकलं. पर त्वांड तुमचं हाय. हितं ऱ्हायल्यालं तुमास्नी चालंल का?"

इंदू म्हणाली, "राहू द्या. फक्त तो तीळ जरा बारीक करा. एवढा मोठा नाही माझा."

पहिल्यांदा बायका हसल्या, मग सगळा मंडप. रामभाऊनं कुंचला पिंपात सोडला आणि खाली बसून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. पार्वतीबाईंनी घरून खण, नारळ, तांदूळ, हळकुंड आणवलं आणि भिंतीवरच्या लक्ष्मीच्या आधी तिथंच, देवीच्या समोर, इंदूची ओटी भरली. मागून एकेक करत गावातल्या बायका पुढं आल्या. कुणी मूठभर तांदूळ घातले, कुणी नुसतंच कुंकू लावलं. धोंडीमावशीनं पानाच्या द्रोणातली करवंदं घातली. आबांनी एवढा चुना वाया कशाला घालवायचा म्हणून बाहेरच्या भिंती पांढऱ्या करायला माणसं लावली. निघताना त्यांनी गावाचं नाव कुठं लिहू नका असं मला बजावलं, आणि इंदूला मात्र दर उत्सवाला यायचं आमंत्रण दिलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीची जागा तिला दिली. ओटीचा नारळ तिनं मांडीवर धरला होता. गाडी घाट उतरू लागली, पण या वेळी तिनं बोगदे मोजले नाहीत. खंडाळा मागं पडल्यावर ती बोलायला लागली, खिडकीबाहेर बघतच.

तिला वाटत होतं की ती बाई माझ्या ऑफिसातली कुणी असेल. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं, आणि मी रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसून ते चित्र रंगवत होतो. "इतक्या मायेनं तुम्ही माझ्याकडे कधी बघितलं नव्हतंत, असं मला वाटायचं," ती म्हणाली. तिनं विचारलं तेव्हा मी कुणी नाही म्हणालो, आणि कुणी नाही म्हटल्यावर तिची खात्रीच पटली. वाण्याच्या दुकानात तो साबण दिसला की ती मान फिरवायची. एकोणीस वर्षं ती त्या बाईचा हेवा करत आली होती. भांडली एकदाही नाही.

मी म्हणालो, अगं, मी तरी काय करणार होतो? अण्णांना कळलं असतं तर?

इंदूनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली," ती म्हणाली.

ते खरं होतं. अकरा वर्षं मला अडवणारं घरात कुणीही नव्हतं. सवयीनं गप्प बसलो होतो, आणि त्या सवयीचा भार कुणावर पडतो आहे हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. परक्या गावात, परक्या माणसाची भिंत वाचावी म्हणून मी चारचौघांत तोंड उघडलं. घरात, तिच्यासाठी, ते कधी उघडलं नव्हतं.